ढलपीची साक्ष

गोल्फच्या मैदानावर एखादा कसलेला खेळाडू लोखंडी क्लबने चेंडू मारतो, तेव्हा चेंडूपाठोपाठ आणखी एक वस्तू हवेत उडते. ती म्हणजे मुळांसकट निघालेला हिरवळीचा पातळ तुकडा. सुताराच्या वाकसाखाली लाकडाची ढलपी निघते, तशी ही जमिनीची ढलपी. इंग्रजीत तिला डिव्हट म्हणतात आणि ती निघाल्यावर जमिनीत जो उथळ चर उरतो त्यालाही डिव्हटच म्हणतात. आपण सोयीसाठी तुकड्याला ढलपी आणि मागे राहिलेल्या खुणेला चर म्हणू.

गोल्फ शिकवणाऱ्यांच्या जगात या चराला मोठा मान आहे. वैद्य जीभ पाहून प्रकृती सांगतो, तसा प्रशिक्षक चर पाहून फटक्याचे निदान करतो. चर डावीकडे वळलेला दिसला की क्लब तिरका आला, खोल दिसला की क्लब फार उभा उतरला, अजिबात नसला की चेंडू वरच्या वर खरवडला गेला. फटका बिघडला की खेळाडूही चेंडू शोधण्याआधी पायाखाली पाहतो.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी गोल्फचा क्लब हातात धरलेला नसेल. तरीही हा विषय येथे घेतला आहे, कारण चर हा पुरावा आहे आणि पुरावा वाचायचा कसा, हा विज्ञान शिकवणाऱ्याचा रोजचा प्रश्न आहे. या पुराव्याच्या आधाराने एक चुकीचा नियम गोल्फच्या शिक्षणात अनेक दशके टिकून राहिला. तो चुकीचा असल्याचे सांगणारे पुस्तक मात्र १९६८ सालीच छापले गेले होते. त्या पुस्तकाचा आणि त्यानंतर सव्वीस वर्षांनी आलेल्या दुसऱ्या एका पुस्तकाचा परामर्श येथे घ्यायचा आहे.

दोन पुस्तके

गोल्फच्या चेंडूकडे भौतिकशास्त्रज्ञांचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. एडिंबरोचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात चेंडूच्या उड्डाणावर लेखन केले आणि उलट्या फिरकीमुळे चेंडूला हवेत आधार मिळतो हे दाखवले. इलेक्ट्रॉनचे संशोधक जे. जे. थॉमसन यांनी १९१० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूच्या गतिशास्त्रावर व्याख्यान दिले. पण हे सारे चेंडू उडाल्यानंतरचे विज्ञान होते. चेंडू उडण्याआधी माणूस नेमके काय करतो, याची पद्धतशीर मोजदाद झाली ती १९६० च्या दशकात, ब्रिटनमध्ये. गोल्फ सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन या संस्थेने शास्त्रज्ञांच्या एका गटाकडे हे काम सोपवले. त्याचा वृत्तांत म्हणजे अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्ज यांचे 'द सर्च फॉर द परफेक्ट स्विंग' हे १९६८ मधले पुस्तक. कॉक्रन भौतिकशास्त्रज्ञ, तर स्टॉब्ज गोल्फवर लिहिणारे पत्रकार.

दुसरे पुस्तक अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक थिओडोर जॉर्गेन्सन यांचे 'द फिजिक्स ऑफ गोल्फ'. ते १९९४ मध्ये आले.

पहिल्या पुस्तकाचा मोठा गुण त्याच्या पद्धतीत आहे. खेळाडू मारताना आपल्याला काय जाणवते ते सांगतो. ते खोटे नसते, पण ते जाणवणे असते. या गटाने जाणवण्याला प्रमाण मानले नाही. त्यांनी अतिवेगवान छायाचित्रे घेतली, बलांचा हिशेब मांडला आणि स्विंगचे एक साधे प्रतिमान बनवले. खांद्यांच्या मध्याशी एक बिजागरी, तिला लटकलेला हातांचा दांडा, मनगटांशी दुसरी बिजागरी आणि तिला लटकलेला क्लबचा दांडा. हाच तो दुहेरी लंबक. इतक्या साध्या यंत्राने स्विंगचा बराच भाग समजावून सांगता येतो, हे या पुस्तकाने दाखवले.

आधी चेंडू, मग जमीन

चराचे पहिले कोडे वेळेचे आहे. चेंडू आणि क्लब यांची भेट साधारण अर्ध्या सहस्रांश सेकंदाची असते. ७ नंबरच्या आयर्न क्लबचे डोके व्यावसायिक खेळाडूच्या हातात सेकंदाला सुमारे ४० मीटर वेगाने येते. या वेगाने अर्ध्या सहस्रांश सेकंदात ते फार तर दोन सेंटिमीटर पुढे जाते. तेवढ्यात सारा व्यवहार आटोपतो आणि चेंडू सेकंदाला ५० मीटरहून अधिक वेगाने निघून जातो. माणसाच्या प्रतिक्रियेला पाव सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. म्हणजे हातांना काही दुरुस्ती करायचे सुचेपर्यंत चेंडू दहा मीटरांच्या पुढे गेलेला असतो. मारताना चेंडू 'धरून ठेवला' असे खेळाडू म्हणतो, ते त्याचे जाणवणे. घड्याळ तसे म्हणत नाही.

आता जमिनीकडे वळू. चांगल्या खेळाडूचा आयर्न क्लब चेंडूला खाली उतरता उतरताच भेटतो. अमेरिकेतील पुरुष व्यावसायिकांच्या रडार-मापनांत ७ नंबरच्या आयर्नसाठी हा उतरणीचा कोन सरासरी ४ अंशांच्या आसपास निघाला आहे. क्लबच्या डोक्याचा मार्ग साधारण दीड मीटर त्रिज्येचा वर्तुळकंस धरला, तर वर्तुळाचा नीचतम बिंदू चेंडूच्या किती पुढे असेल? त्रिज्या गुणिले ४ अंशांची ज्या, म्हणजे १५० × ०.०७, सुमारे १० सेंटिमीटर. आणि या बिंदूशी क्लब चेंडूच्या जागेपेक्षा किती खाली गेलेला असेल? उथळ कंसासाठी सोपे सूत्र आहे: अंतराचा वर्ग भागिले दुप्पट त्रिज्या. म्हणजे १०० भागिले ३००, सुमारे ३.३ मिलिमीटर.

हे उत्तर पाहून आश्चर्य वाटते. दूरचित्रवाणीवर उडताना दिसणारी ती ढलपी या हिशेबाने चार मिलिमीटर जाडीचीही नाही! प्रत्यक्षात क्लबचा मार्ग अचूक वर्तुळ नसतो, तळाचा फुगीर भाग मातीवर घसरतो, गवताची मुळे ओढ देतात, म्हणून चर हिशेबापेक्षा कमी-जास्त होतो. पण मूळ गोष्ट बदलत नाही. उत्तम फटक्याचा चर चेंडूच्या जागेच्या पुढे सुरू होतो, आणि तो खणल्यासारखा नसून तासल्यासारखा असतो.

आता एकच बदल करू. खेळाडूने शरीराचा भार मागच्या पायावर ठेवला आणि वर्तुळाचा नीचतम बिंदू १० सेंटिमीटर मागे, बरोबर चेंडूखाली आला. कंस तोच, खोली तीच, चराची लांबीही तीच. पण आता क्लब चेंडूच्या १० सेंटिमीटर आधीच जमिनीत शिरतो आणि वेग मातीत घालवून चेंडूपाशी पोचतो. चेंडू केविलवाणा पुढे सरकतो. दोन्ही चर उचलून शेजारी शेजारी ठेवता आले असते, तर कोणता चांगल्या फटक्याचा आणि कोणता वाईट, हे कोणालाही सांगता आले नसते. फरक चराच्या रूपात नाही, चेंडूच्या तुलनेत त्याच्या जागेत आहे. चंद्रावरही हेच घडले. ६ फेब्रुवारी १९७१ रोजी अपोलो-१४ च्या अ‍ॅलन शेपर्ड यांनी नमुने गोळा करायच्या दांड्याला ६ नंबरच्या आयर्नचे डोके लावून एका हाताने चेंडू मारला, तेव्हा पहिल्या प्रयत्नात चेंडूपेक्षा धूळच जास्त उडाली.

म्हणून 'चेंडू उंच उडवायचा तर जमीन खणा' हा नवशिक्यांत पसरलेला समज उलटा आहे. चेंडू उंच जातो तो क्लबच्या तोंडाला मागे कल दिलेला असतो म्हणून, आणि त्याला उलटी फिरकी मिळते ती कललेल्या तोंडाशी होणाऱ्या घर्षणातून. चांगल्या फटक्यात क्लब मातीत शिरतो तेव्हा चेंडू निघून गेलेला असतो. नीचतम बिंदूपर्यंतचे दहा सेंटिमीटर कापायला क्लबला साधारण तीन सहस्रांश सेकंद लागतात, म्हणजे भेटीच्या सहापट वेळ. निघून गेलेल्या चेंडूला फिरकी देणे मातीला शक्य नाही. चर हे योग्य फटक्याचे कारण नसून परिणाम आहे, आणि तोही चेंडूच्या दृष्टीने उशिरा झालेला.

येथे पहिल्या पुस्तकाची एक मर्यादाही सांगायला हवी. त्याच्या दुहेरी लंबकाचा मध्य एका जागी खिळलेला आहे. अशा यंत्राचा नीचतम बिंदूही खिळलेलाच राहणार. प्रत्यक्षात खेळाडूचे शरीर खाली येताना लक्ष्याच्या दिशेने सरकते, आणि चर चेंडूच्या पुढे पडेल की मागे हे ठरवण्यात या सरकण्याचा मोठा हात असतो. जॉर्गेन्सन यांनी आपल्या प्रतिमानात मध्याला सरकू दिले, ही त्यांची सुधारणा. त्यांनी एका व्यावसायिक खेळाडूच्या स्विंगची लखलखत्या दिव्याखाली, ठरावीक कालांतराने टिपलेली छायाचित्रे घेतली आणि गणिताशी ताडून पाहिली. मात्र एका माणसाच्या स्विंगवरून साऱ्यांबद्दल किती बोलावे, हा प्रश्न त्यांच्या वाचकाने मनात ठेवलेला बरा.

चर कोणीकडे पाहतो?

आता अधिक नाजूक भागाकडे येऊ. खेळाडूच्या मागे उभे राहून लक्ष्याकडे पाहणाऱ्याच्या दृष्टीने डावे-उजवे ठरवू आणि खेळाडू उजव्या हाताचा धरू. तो चेंडूच्या डाव्या अंगाला उभा असतो. त्याच्या क्लबचे वर्तुळ उभ्या भिंतीसारखे नसते, तिरप्या पत्र्यासारखे असते. अमेरिकी खेळाडू बेन होगन यांनी १९५७ च्या 'फाइव्ह लेसन्स' या पुस्तकात खेळाडूच्या खांद्यांवर तिरपी टेकलेली काच कल्पून हे प्रतल समजावले होते. ते चित्र पुढे फार प्रसिद्ध झाले.

तिरप्या प्रतलातल्या वर्तुळाची एक गंमत आहे. त्यावरून खाली येणारा बिंदू फक्त खाली येत नाही, तो खेळाडूपासून दूर, म्हणजे उजवीकडेही सरकत असतो. नीचतम बिंदूशी तो क्षणभर सरळ जातो. तेथून वर चढताना तो डावीकडे वळतो. चेंडूशी भेट नीचतम बिंदूच्या आधी होत असेल, तर त्या क्षणी क्लबची दिशा नीचतम बिंदूच्या दिशेपेक्षा उजवीकडे असते. किती? उतरणीचा कोन भागिले प्रतलाच्या तिरपेपणाची स्पर्शज्या. प्रतल जमिनीशी ६० अंश आणि उतरण ४ अंश धरली, तर ४ भागिले १.७३, म्हणजे सुमारे २.३ अंश.

याचा अर्थ काय होतो पाहा. क्लब चेंडूला अगदी सरळ, लक्ष्याच्या रेषेत भेटला. चर मात्र नंतर, नीचतम बिंदूच्या आजूबाजूला कोरला गेला. तेथे क्लब दोन-सव्वादोन अंश डावीकडे निघालेला आहे. म्हणजे निर्दोष, सरळ फटक्याचा चर किंचित डावीकडे पाहणारच! हा चर पाहून 'तुमचा क्लब बाहेरून आत येतो' असे निदान करणे म्हणजे निरोगी माणसाला औषध देणे होय. दीडशे मीटरवर २.३ अंश म्हणजे ६ मीटर. खेळाडूने 'चर सरळ यायला हवा' म्हणून स्विंग बदलला, तर चेंडूला भेटताना क्लब उजवीकडे जाऊ लागेल आणि नसलेला दोष तयार होईल.

चेंडू कोणाचे ऐकतो?

याहून मोठी चूक दुसरीच होती. चेंडू सुरुवातीला कोणत्या दिशेने निघतो? गोल्फच्या शिक्षणातले रूढ उत्तर असे होते: क्लब ज्या मार्गाने येतो त्या दिशेने चेंडू निघतो, आणि क्लबचे तोंड ज्या दिशेला असते तिकडे तो नंतर वळतो. इंग्लंडचे नामवंत प्रशिक्षक जॉन जेकब्स यांच्या १९७२ च्या 'प्रॅक्टिकल गोल्फ' मधली शिकवण याच रीतीची आहे. चर हा मार्गाची खूण, म्हणून चर हीच चेंडूच्या पहिल्या दिशेची खूण, असा हा तर्क होता.

कॉक्रन आणि स्टॉब्ज यांचे मापन मात्र सांगत होते की चेंडू मुख्यतः तोंडाचे ऐकतो, मार्गाचे कमी. कारण समजायला कॅरमचा पट पुरे. सोंगटीला स्ट्रायकर तिरका लागला, तर सोंगटी स्ट्रायकर आला त्या दिशेने जात नाही. दोघांची भेट जेथे झाली, तेथून दोन्ही केंद्रांना जोडणाऱ्या रेषेने ती निघते. तिला ढकलणारे मुख्य बल स्पर्शपृष्ठाला लंब असते, आणि घर्षणाचा वाटा लहान असतो. कॅरम खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला हे बोटांनी कळलेले असते. गोल्फमध्ये क्लबचे तोंड हे स्पर्शपृष्ठ. तेथे घर्षण कॅरमपेक्षा बरेच जास्त, म्हणून मार्गालाही थोडे ऐकावे लागते. पुढच्या काळातील रडार-मापनांनुसार आयर्न क्लबच्या बाबतीत सुरुवातीच्या दिशेत तोंडाचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश, आणि लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरच्या बाबतीत त्याहूनही जास्त असतो.

जॉर्गेन्सन यांनी हेच एका सुंदर भूमितीत बसवले. क्लबच्या वेगाची दिशा ही एक रेषा आणि तोंडाला लंब ही दुसरी रेषा. या दोन रेषांनी एक प्रतल ठरते. चेंडूचा प्रवास याच प्रतलात सुरू होतो, दोन्ही रेषांच्या मध्ये, पण लंबाच्या जवळून. हे प्रतल उभे असेल तर चेंडू सरळ जातो, तिरपे असेल तर त्या बाजूला वळतो. त्यांनी याला 'डी-प्रतल' असे नाव दिले. उतरणीचा कोन, मार्ग, तोंडाचा रोख, कल आणि फिरकी या पाच गोष्टी एका चित्रात आल्या. दोन्ही पुस्तकांतली माझ्या मते ही सर्वांत मोलाची कल्पना, आणि बारावीच्या सदिश शिकणाऱ्या विद्यार्थ्याला समजेल अशी.

एक उदाहरण घेऊ. क्लबचा मार्ग चेंडूशी ४ अंश डावीकडे, तोंड मात्र नेमके लक्ष्याकडे. जुन्या नियमाप्रमाणे चेंडू ४ अंश डावीकडे निघून लक्ष्यावर परत यायला हवा. प्रत्यक्षात तो सुमारे १ अंशच डावीकडे निघतो, मग उजवीकडे वळतो आणि लक्ष्याच्या उजवीकडे जाऊन पडतो. आणि चर? तो ४ अधिक २.३, म्हणजे सहा अंशांहून अधिक डावीकडे पाहत असतो. चेंडू एकीकडे गेला, चर भलतीकडे बोट दाखवतो.

चूक नियमाने निदान कसे जमले?

आता खरा प्रश्न. नियम चुकीचा होता, तर जेकब्स यांच्यासारख्या प्रशिक्षकांच्या हातून हजारो खेळाडू सुधारले कसे? त्यांची कीर्ती पोकळ नव्हती. १९७९ आणि १९८१ मध्ये ते युरोपच्या रायडर चषक संघाचे कप्तान होते, आणि त्यांच्या शिकवण्याचा प्रभाव पुढच्या पिढ्यांवर पडला.

उत्तर असे, की निदान आणि भाकीत या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. चेंडू उजवीकडे वळणाऱ्या खेळाडूचा मार्ग डावीकडे असतो हे खरे, आणि त्याचा चरही डावीकडे पाहतो हे खरे. प्रशिक्षक त्याला मार्ग सुधारायला सांगतो. मार्ग आणि तोंड यांच्यातले अंतर कमी होते, वळण कमी होते, खेळाडू खूश होतो. नियमातील चूक या सगळ्यात कोठेच आडवी येत नाही, कारण वळणाचे कारण तोंड आणि मार्ग यांच्यातली तफावत आहे, एवढा भाग जुन्या नियमातही बरोबर होता.

चूक उघडी पडते ती भाकीत करताना. समोर झाड आहे आणि चेंडू त्याच्या उजवीकडून काढून, डावीकडे वळवून लक्ष्यावर न्यायचा आहे. जुन्या नियमाप्रमाणे खेळाडू क्लबचे तोंड लक्ष्याकडे, म्हणजे झाडाकडे ठेवतो आणि स्विंग झाडाच्या उजवीकडे करतो. चेंडू तोंडाचे ऐकतो आणि सरळ झाडावर जाऊन आदळतो. खेळाडू नियमाला दोष देत नाही, स्वतःला देतो. ज्यांना असे फटके जमत, ते नियम सांगत एक आणि हाताने करत दुसरेच. वर्षानुवर्षांच्या सरावाने त्यांच्या हातांना खरे उत्तर सापडलेले असे. मग तेच खेळाडू पुस्तक लिहीत, तेव्हा त्यात हातांचे उत्तर न येता तोंडपाठ नियम येई.

शिक्षकाने येथे क्षणभर थांबावे. विद्यार्थी सुधारला एवढ्यावरून शिकवलेला नियम खरा ठरत नाही. नियम खरा आहे की नाही, हे तो अशा ठिकाणी लावून पाहिल्यावरच कळते जेथे तो चुकीचा असेल तर फजिती होईल.

चाळीस वर्षे का लागली?

२००३ मध्ये डेन्मार्कमध्ये ट्रॅकमन ही कंपनी स्थापन झाली. तिच्या डॉप्लर रडारने क्लबचा मार्ग आणि चेंडूचे उड्डाण यांची मापने सरावाच्या मैदानावरच मिळू लागली. त्या दशकाच्या अखेरीपर्यंत जुना नियम मागे पडू लागला आणि त्याच्या जागी आलेल्या नियमांना 'नवे' असे विशेषण लागले. ते नवे नव्हते. चाळीस वर्षे ते छापील होते.

या विलंबाचा दोष कोणाचा? प्रशिक्षकांनी पुस्तक वाचले नाही असे म्हणून सुटका होत नाही. गोल्फच्या जगात कॉक्रन-स्टॉब्ज यांचे नाव आदराने घेतले जात होते. माझ्या मते थोडा दोष अशा पुस्तकांच्या मांडणीकडे जातो. त्यांत एक निष्कर्ष आहे, पण 'तुम्ही आज जे शिकवता त्याच्याशी हा जुळत नाही, आणि तुमच्या पायाखालचा चर तुमची अशी दिशाभूल करतो' असे समोर येऊन कोणी सांगत नाही. जॉर्गेन्सन यांच्या पुस्तकात तर डी-प्रतल भूमिती म्हणून येते आणि भूमिती म्हणूनच राहते. ज्याच्या डोक्यात आधीच एक उत्तर पक्के आहे, त्याला दुसरे उत्तर नुसते सांगून चालत नाही. पहिले उत्तर त्याला बरोबर का वाटत होते, हे उलगडावे लागते. विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाला 'जड वस्तू आधी पडते' म्हणणाऱ्या मुलासमोर हा अनुभव आलेला आहे.

आणि जुने उत्तर बरोबर वाटायला लावणारा साक्षीदार होता चर. चेंडू-क्लब भेटीचा अर्धा सहस्रांश सेकंद कोणाच्याच डोळ्यांना दिसत नव्हता. चर मात्र हाताने चाचपता येत होता. जे दिसते ते कारण, असे मन मानते.

चर खोटे बोलतो असे नाही. तो फक्त स्वतःपुरते बोलतो. तो कोठे सुरू झाला हे पाहून नीचतम बिंदू समजतो, आणि ही माहिती सर्वांत भरवशाची. बोटाच्या बाजूला खोल की टाचेच्या, हे पाहून क्लबचा दांडा खेळाडूच्या मापाला जुळतो की नाही याचा अंदाज येतो. दिशेबद्दलची त्याची साक्ष दोन-तीन अंशांची सूट देऊनच घ्यावी. आणि चेंडू कोठे निघाला याबद्दल त्याला विचारूच नये, कारण क्लबच्या तोंडाचा रोख चरात नोंदला जात नाही.

मातीचाही हिशेब ठेवावा लागतो. उबदार प्रदेशांत गोल्फच्या मैदानांवर बर्म्युडा गवत मोठ्या प्रमाणात लावतात. हे गवत म्हणजे आपल्या ओळखीची हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. तिचे धुमारे जमिनीवर आणि जमिनीखाली जाळ्यासारखे पसरतात. अशा हिरवळीतून ढलपी बहुधा विस्कटून निघते आणि चर वाळूने भरला की धावते धुमारे तो झाकून टाकतात. थंड प्रदेशातल्या गवताची ढलपी ओल्या जमिनीतून सबंध चपट्या तुकड्यासारखी निघते, ती परत जागेवर बसवतात. स्विंग एकच, माती निराळी, तर ढलपी निराळी. खोली पाहून स्विंगला नावे ठेवणाऱ्याने जमिनीतील ओल आधी पाहिलेली बरी.

वर्गासाठी

या विषयातले बरेचसे वर्गात क्लबशिवाय करता येते. तीन गोष्टी सुचवतो.

एक: दीड मीटर दोरीला खडू बांधून फळ्यावर वर्तुळाचा तळचा कंस काढा. नीचतम बिंदूपासून ५, १० आणि १५ सेंटिमीटरवर कंस किती वर उचलला गेला ते मोजा आणि सूत्राशी ताडा. ५ सेंटिमीटरवर उत्तर एक मिलिमीटरहूनही कमी येईल, तेव्हा विद्यार्थी मोजमापातील अचूकतेबद्दल आपणहून बोलू लागतील.

दोन: जेवणाचे ताट टेबलावर कडेवर उभे धरून ६० अंशांत कलते करा आणि बरोबर वरून एका डोळ्याने पाहा. टेबलाला टेकलेल्या बिंदूच्या अलीकडे आणि पलीकडे ताटाची कड कोणीकडे वळते ते कागदावर काढा. चर डावीकडे का पाहतो ते दोन मिनिटांत कळेल.

तीन: कॅरमच्या पटावर सोंगटी एकाच जागी ठेवा आणि स्ट्रायकर वेगवेगळ्या दिशांनी मारा, पण सोंगटीला तो दर वेळी एकाच बिंदूवर लागेल असे पाहा. सोंगटी कोठे जाते ते खुणा करून नोंदा. मग पटावर पावडर न टाकता आणि टाकून, दोन्ही प्रकारे करून पाहा.

दोन पुस्तकांपैकी एकच शाळेच्या ग्रंथालयात ठेवायचे असेल, तर कॉक्रन आणि स्टॉब्ज यांचे ठेवावे. ते अधिक जुने आहे, त्याचे प्रतिमान अधिक साधे आहे आणि त्यातील मध्य सरकत नाही. पण प्रश्न कसा विचारावा, जाणवणे आणि मोजणे यांत फरक कसा करावा, हे ते पानोपानी शिकवते. जॉर्गेन्सन यांचे पुस्तक सदिश आणि कलनशास्त्राची ओळख झालेल्या विद्यार्थ्याच्या हाती द्यावे, आणि त्याला एकच काम सांगावे: डी-प्रतलाच्या आकृतीत जमिनीवरचा चर कोठे येईल ते काढून दाखव.